खाडा आणि पगार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला पाककृती, शिवणकाम, मुलांचे आरोग्य अशा विषयांवर कोणी ना कोणी बोलते. यंदा कार्यकारिणीने मला आजारपणातील रजा व पगारातील कपात या विषयावर बोलावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वकिलासारखे बोलणे मला जमावयाचे नाही. पण महिन्याच्या सात-आठ तारखेला घरी पगार येतो, त्यातून वाण्याचे बिल, दुधाचे पैसे, भिशी आणि मुलांच्या शिकवणीची फी बाजूला काढणारी मी आहे, आणि तुम्हीही आहात. पगार हजाराने कमी आला तर तो हजार कोणत्या डब्यातून भरून काढावयाचा हे आपल्यालाच ठरवावे लागते. मग तो का कमी आला हे आपल्याला कळावयास नको का?

आपल्या लालबाग-परळात ‘खाडा’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, पण शब्द राहिला. आमच्या आजेसासूबाई गिरणीत वायंडिंग खात्यात होत्या. त्या आपल्या आईच्या वेळची गोष्ट सांगत, की तेव्हा ‘डबल खाडा’ असे. म्हणजे एक दिवस घरी राहिले तर दोन दिवसांचा पगार जाई. पोर तापाने फणफणलेले असो की स्वतःला उठवत नसो, एकाचे दोन. मला लहानपणी ही म्हाताऱ्या माणसांची वाढवून सांगितलेली गोष्ट वाटे. पुढे कळले की ही चाल मुंबईच्या गिरण्यांत खरोखरच होती व तिच्याबद्दल चौकशी करणाऱ्या मंडळींनी लिहूनही ठेवले आहे.

त्याच्याही आधीची हकिगत ऐका. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत द्या, आणि कामावर असताना ज्याला मोठी इजा झाली त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, अशा त्या मागण्या होत्या. म्हणजे पडून असतानाही चूल पेटली पाहिजे ही मागणी आपल्या याच भागात एकशेचाळीस वर्षांपूर्वी झाली. रविवारची सुट्टी १८९० च्या जून महिन्यात मिळाली. त्याच्या आधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली होती, आणि तिच्यात दोन कामकरी बायकाही उभ्या राहून बोलल्या. आज मला या लहानशा हॉलमध्ये ध्वनिक्षेपकासमोर उभे राहताना घाम फुटला आहे. त्या दोघी त्या काळी दहा हजारांपुढे कशा बोलल्या असतील, हे माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पगारातून मालकाने काय कापावे व काय कापू नये याचा पहिला मोठा कायदा १९३६ साली झाला. त्याला पगार देण्याचा कायदा, म्हणजे पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट म्हणत. तो आणि आणखी तीन जुने कायदे एकत्र करून २०१९ साली संसदेने वेतन संहिता केली, व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नाव बदलले तरी आपल्या कामाचे नियम बरेचसे तेच आहेत. ते आता घरच्या हिशेबाने सांगते, म्हणजे लक्षात राहतील.

गेल्या ऑगस्टात आमच्या ह्यांना डेंग्यू झाला. हे एका गोदामात कंत्राटदाराकडून कामाला आहेत. पगार १५,६०० रुपये. गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत घरी होते. म्हणजे कामाचे दिवस सहा, आणि मधला एक रविवार, जो तसाही सुट्टीचा. पहिल्याच दिवशी धाकट्या मुलाने सुपरवायझरला फोन करून कळवले. पगार झाला तेव्हा हातात आला तो ५,२०० रुपयांनी कमी. विचारले तर उत्तर मिळाले, “सात दिवसांचे ४,२००, आणि न सांगता राहिल्याबद्दल १,००० दंड.”

मी वही घेतली आणि मांडले. महिन्यात रविवार सोडून कामाचे दिवस २६. १५,६०० ला २६ ने भागले की रोज ६०० रुपये पडतो. त्यांनीही ६०० च धरला होता. पण मग रविवार कापता येणार नाही. कारण ६०० चा भाव काढताना रविवार मोजलेलाच नाही. रविवार धरावयाचा असेल तर ३० ने भागा, रोज ५२० येईल. भागताना रविवार वगळावयाचा आणि कापताना धरावयाचा, हे वाण्याने घेताना मोठे माप व देताना लहान माप वापरण्यासारखे आहे. कायदा म्हणतो, जितके दिवस काम करावयाचे होते त्याच्या ज्या प्रमाणात माणूस गैरहजर राहिला, त्याहून जास्त प्रमाणात पगार कापू नये. सव्वीसांपैकी सहा दिवस, म्हणजे ३,६०० रुपये. ४,२०० नव्हेत.

आता दंडाचे. दंड हा शब्द मुकादम, सुपरवायझर यांच्या तोंडी फार असतो. कायद्यात दंडाला पुष्कळ कुंपणे घातली आहेत. कोणत्या गोष्टींसाठी दंड होईल याची यादी मालकाने सरकारकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते व ती कामाच्या जागी लावावी लागते. दंड करण्यापूर्वी माणसाला आपले म्हणणे मांडू द्यावे लागते. आणि एका महिन्याच्या पगारावर सगळा मिळून दंड शंभराला तीन रुपयांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. १५,६०० वर तो ४६८ रुपये होतो. हजार कोठून आणला? नव्वद दिवस उलटून गेल्यावर जुना दंड वसूल करता येत नाही. पंधरा वर्षांखालील मुलाला तर दंड करताच येत नाही. आणि दंड, आगाऊ उचल, गैरहजेरी वगैरे सगळे मिळून झाले तरी निम्म्यापेक्षा जास्त पगार कापता येत नाही.

मालकाच्या बाजूनेही एक तरतूद आहे, तीही सांगितली पाहिजे. दहा किंवा त्याहून जास्त माणसे ठरवून, योग्य नोटीस न देता व सबळ कारण नसताना एकदम कामावर आली नाहीत, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. ही तरतूद मला कडक वाटते. पण ती आहे, तेव्हा कोणी “चला रे, उद्या सगळेच राहू” म्हणाले तर आपल्या माणसाला याची माहिती असलेली बरी.

आमच्या हिशेबाचे पुढे काय झाले हे तुम्ही विचारालच. मी वहीचे पान फाडून ह्यांच्याबरोबर दिले. सुपरवायझरने ते वाचले नाही. मग मुलाने तेच स्वच्छ लिहून कंत्राटदाराच्या कार्यालयात दिले, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, व त्याची एक प्रत गोदामाच्या मालकाकडेही दिली. हे महत्त्वाचे आहे, बरे का. कंत्राटदाराने पगार थकवला किंवा कमी दिला तर ज्याचे काम चालू आहे त्या मूळ मालकावरही ती जबाबदारी येते. पुढच्या महिन्यात दंडाचे हजार परत आले. रविवारचे सहाशे मात्र अजून आलेले नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही अर्ज करणार आहोत, आणि मुदत हाताशी आहे. जुन्या कायद्यात अशा तक्रारीला एक वर्षाची मुदत होती, नव्या संहितेत ती तीन वर्षांची झाली आहे.

कोणी म्हणेल, सहाशे रुपयांसाठी एवढी खटपट? माझ्या घरी सहाशे रुपये म्हणजे धाकट्याच्या शिकवणीची महिन्याची फी. आणि त्या गोदामात असे कितीतरी गडी आहेत. प्रत्येकाचा एकेक रविवार गिळला तर किती होतात ते तुम्हीच मोजा.

आता रजेचे. पुष्कळ बायकांचा असा समज आहे की आजारपणाची पगारी रजा सगळ्यांना मिळतेच. तसे नाही. सरकारी नोकरीत ती सोय चांगली आहे. आपल्या राज्य सरकारच्या नोकरांना दर पूर्ण वर्षाला वीस दिवसांची अर्धपगारी रजा जमा होते. कारखान्याच्या कायद्यात मात्र ‘आजारपणाची रजा’ म्हणून वेगळी रजा पूर्वीही नव्हती. तेथे कामाच्या दर वीस दिवसांमागे एक अशी कमावलेली रजा मिळते. पूर्वी त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. नव्या संहितेने ते १८० केले आहेत. दुकाने व कार्यालये यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला आठ दिवसांची किरकोळ पगारी रजा आहे. आपल्याकडे तिला सी.एल. म्हणतात. ती दर तीन महिन्यांनी थोडी थोडी खात्यावर जमा होते व वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. कमावलेली रजा मात्र साठते, ४५ दिवसांपर्यंत. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मुली कापडाच्या, मोबाइलच्या, औषधांच्या दुकानांत उभ्या असतात. पाळीच्या दिवसांत पोट दुखते म्हणून एक दिवस घरी राहिली तर शेठ पगार कापतो आणि मुलगीही समजते की तसेच असते. तिला विचारा, तुझ्या आठ रजा कोठे गेल्या? कामगारांची संख्या फार थोडी असलेल्या दुकानांना या कायद्याचा सगळा भाग लागू होत नाही. तेव्हा दुकानात किती माणसे आहेत हेही विचारून ठेवा.

कारखान्यात आजारपणाची रजा नाही, मग आजारी माणसाने काय करावे? त्यासाठीच विमा आहे. ज्याला आपण ईएसआय म्हणतो, तो कामगार राज्य विमा. त्याचा कायदा १९४८ साली झाला. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि आपल्या मुंबईत १९५४ साली आली. जुन्या बायका अजून ‘कामगार दवाखाना’ म्हणतात तो तिचाच. हल्ली नव्या मुलींना वाटते, ईएसआय म्हणजे रांग लावून लाल गोळ्या आणण्याची जागा. पण गोळ्यांपेक्षा मोठी वस्तू तेथे आहे, आणि ती म्हणजे आजारपणातील पैसा.

ज्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्याचा हा विमा असतो. २०१७ च्या जानेवारीपासून ही मर्यादा आहे. कामगाराच्या पगारातून शंभराला पाऊण रुपया कापतात आणि मालक आपल्या पदरचे सव्वातीन रुपये घालतो. आमच्या १५,६०० वर आमचे ११७ आणि मालकाचे ५०७. आता येथे लक्ष द्या. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. काही कंत्राटदार दोन्ही वाटे मिळून ६२४ कापून मोकळे होतात आणि चिठ्ठीवर नुसते ‘ईएसआय’ लिहितात. घरी जाऊन चिठ्ठीवर हा आकडा पाहा. पगाराच्या शंभरामागे पाऊण रुपयाहून जास्त दिसला तर विचारा. काही जण याच्याही पुढे जातात, म्हणजे पैसे कापतात आणि भरतच नाहीत. आपल्या माणसाचा विमा क्रमांक घालून भरणा झाला की नाही हे आता फोनवर पाहता येते. मुलांना सांगितले की ती पाहून देतात.

आजारी पडल्यावर या विम्यातून रोजच्या सरासरी मजुरीच्या शंभराला सत्तर रुपये मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अट अशी की त्याच्या आधीच्या ठरलेल्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. हे सहा महिने एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला तर ते दोन दिवस पुन्हा सोडावे लागत नाहीत. आमच्या ह्यांचे सात दिवसांचे आजारपण होते. त्यातले दोन वजा जाऊन पाच राहिले. रोजचे ५२० धरून सत्तर टक्क्यांनी ३६४, व पाच दिवसांचे १,८२० रुपये बँकेत आले. आले ते काही आठवड्यांनी, लगोलग नव्हे. पण आले. मला तर माहेरून मनिऑर्डर आल्यासारखे वाटले.

यात सगळी मदार दाखल्यावर असते. खासगी डॉक्टरकडे गेलो, इंजेक्शन घेतले, बरे झालो, आणि मग आठवड्याने ईएसआयच्या दवाखान्यात दाखला मागावयास गेलो, तर तेथला डॉक्टर विचारणारच की मी तुम्हाला पाहिलेच नाही तर लिहू काय? म्हणून पहिल्याच दिवशी, कण्हत का होईना, तेथे जाऊन यावे. सांगणे सोपे आहे हे मला कळते. तापलेल्या माणसाला रिक्षात घालून नेणे आणि रांगेत बसवणे किती कठीण ते मी केलेले आहे. परंतु त्या एका फेरीवर पुढचे पैसे अवलंबून असतात. बाळंतपणाचे २६ आठवडे, कामावरच्या अपघाताचे पैसे, हेही या विम्यात आहे. बाईने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली तर चौदा दिवसांचा पूर्ण पगार मिळतो, व पुरुषाने केली तर सात दिवसांचा. (पुरुषांना हे ठाऊक नसते, आणि आपण सांगितले तर ऐकू येत नाही.)

आता मी जे सांगणार आहे त्यासाठीच खरे म्हणजे हा विषय घ्यावा असा माझा आग्रह होता. आपल्या शेजारच्या एका चाळीत एक गृहस्थ रखवालदारीला होते. नाव सांगत नाही. त्यांना दोन महिने खोकला होता. संध्याकाळी अंग गरम व्हायचे. बायको रोज म्हणायची, दवाखान्यात चला. ते म्हणायचे, खाडा पडेल. बारा तासांची पाळी करून ते घरी येत आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत झोपत. शेवटी थुंकीत रक्त दिसले तेव्हा गेले. क्षय निघाला. सहा महिन्यांचे औषध घेऊन ते बरे झाले, देवाची कृपा. पण तोवर नऊ वर्षांच्या मुलीलाही औषध सुरू करावे लागले होते. त्यांचा विमा होता! कित्येक वर्षांची वर्गणी पगारातून जात होती. क्षयासारख्या ३४ मोठ्या आजारांसाठी ईएसआयमध्ये वाढीव लाभ आहे. शंभराला ऐंशी रुपये, आणि तो दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि शेवटच्या चार वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. ही त्यांची केव्हाच भरली होती. एवढे ठाऊक असते तर ते खोकत खोकत रात्रपाळी करत बसले असते का? त्या माऊलीला कोणी सांगितले नाही, आणि विचारावे कोठे तेही तिला ठाऊक नव्हते.

तक्रार कोठे करावयाची तेही सांगते. आधी लेखी अर्ज मालकाला द्यावा व पोच घ्यावी. तोंडी बोलण्याला किंमत नसते. फोनवरचे निरोप पुसून टाकू नयेत, आजारी आहे असे कळवलेला निरोप हाच पुढे पुरावा होतो. पगाराची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे, ती मागून घ्यावी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. नोकरी सुटली किंवा सोडली तर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार मिळाला पाहिजे. मालकाने ऐकले नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात आहे. एकट्याने जावयाचे धैर्य नसेल तर युनियनमार्फतही अर्ज करता येतो. पगार चुकीचा कापला असे ठरले तर कापलेली रक्कम परत मिळतेच, शिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. वकिलाची गरज लागली तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला तो हक्क आहे, तिचे उत्पन्न कितीही असो.

आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या मालकांबद्दल बोलले आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता आपल्याबद्दल बोलते.

या सभेत आज अशा पुष्कळ जणी आहेत की ज्यांच्या घरी भांड्याला, धुण्याला बाई येते. आणि अशाही आहेत की ज्या समोरच्या नव्या इमारतीत त्याच कामाला जातात. दोघी एकाच सतरंजीवर बसल्या आहेत, ही आपल्या मंडळाची शोभा आहे. घरकाम करणारीला मी आता सांगितलेल्यांपैकी जवळजवळ काहीच लागू नाही. सी.एल. नाही आणि ईएसआयही नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, काही मदतीच्या योजना आहेत, पण आजारपणात पगार देण्याची सक्ती कोणावर नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, व पगारी सुट्टी हे त्यांचे मागणे तेव्हापासूनचे आहे. कायद्याने ते अजून पुरे झालेले नाही. म्हणजे लोखंड्यांच्या अर्जातला विषय आज आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा आहे, आणि येथे मालक आपण आहोत.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीत हा विषय निघाला तेव्हा बराच वाद झाला. एक ताई म्हणाल्या, “आमच्याच घरात पगार कापून येतो, आम्ही कोठून द्यावयाचे?” दुसऱ्या म्हणाल्या, “बाया खोटे सांगतात. आजारी म्हणून गावच्या जत्रेला जातात.” दोन्ही बोलणी खरी असू शकतात. पहिलीला माझे उत्तर असे, की नवे पैसे कोणी मागत नाही. भांड्याचे महिना १,५०० ठरले असतील ते तुम्ही महिन्याच्या अंदाजात धरलेलेच असतात. बाई दोन दिवस तापाने पडली तर तिचे शंभर रुपये कापल्याने आपला वाडा उभा राहत नाही, तिचा मात्र औषधाचा खर्च वर असतो. आणि तिची चार घरे असतील तर चारही घरी कापतात. दुसरीला उत्तर असे, की खोटे सांगून रजा घेणारे कार्यालयातही असतात, म्हणून सरकारने सगळ्यांची रजा बंद केली नाही. आणि जत्रेला जावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. तिला सुट्टीच नसेल तर ती आजाराचेच नाव सांगणार. वर्षाच्या चार सुट्ट्या आधीच ठरवून द्या, मग पाहा खोटे किती उरते.

काम करणाऱ्या भगिनींनाही एक सांगणे आहे. येणार नसाल तर निरोप द्या. सकाळी दहापर्यंत वाट पाहून भांडी घासावयास बसणाऱ्या बाईचा जो राग होतो, तो तुमच्या खाड्यापेक्षा न आलेल्या निरोपाचा असतो. आता प्रत्येकीकडे फोन आहे.

कार्यकारिणीने यावर असे ठरवले आहे, आणि ते मी तिच्या संमतीने येथे वाचून दाखवते. सभासदांनी आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्याची किंवा पंधरवड्याची जी सुट्टी ठरली असेल ती सोडून वर्षाला बारा दिवस आजारपणाचे द्यावे, पगार न कापता. त्याची नोंद कॅलेंडरवर दोघींच्या समोर करावी. बारा दिवसांच्या वर गेले तर महिन्याच्या पगाराला तीसने भागून तेवढेच कापावे, दंड म्हणून वेगळे काही घेऊ नये. बाई रुग्णालयात असेल तर तिच्या जागी दुसरी ठेवताना पहिलीचे काम एक महिना राखून ठेवावे. हे सक्तीचे नाही. आतापर्यंत एकोणीस जणींनी वहीत सह्या केल्या आहेत. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे, चहा घेताना वाचून पाहा. ज्यांना पटत नाही त्यांनी का पटत नाही ते त्याच वहीत लिहावे, म्हणजे पुढच्या बैठकीत त्यावर बोलता येईल. त्या वादातल्या दोन्ही ताईंची सही अजून नाही, त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

आणि आपल्या घरच्या पगाराचे. येत्या महिन्यापासून दर दुसऱ्या गुरुवारी भजन झाल्यावर मी व चिटणीसबाई तासभर थांबणार आहोत. ज्यांना पगाराच्या चिठ्ठीतले कळत नाही त्यांनी ती घेऊन यावे. चिठ्ठी फोनवर येत असेल तर मुलाकडून कागदावर छापून आणावी, म्हणजे आम्हाला पेन्सिलीने खुणा करता येतात. बरोबर बँकेचे पासबुक, ईएसआयचे कार्ड, आणि आजारपणाचे काही कागद असतील तर तेही आणावे. नसेल त्यातले काही तर जे असेल ते घेऊन या.